ऑसिलोस्कोप नसताना ड्रायव्हरमधला दोष कसा शोधावा

कार्यप्रणालीतला जो प्रोग्राम यंत्रातल्या चिपशी थेट व्यवहार करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरमध्ये दोष असल्याचा संशय आला की पुस्तकी मार्ग ठरलेला असतो: यंत्र टेबलावर आणायचे, त्याला ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक ॲनालायझर जोडायचा आणि तारेवर प्रत्यक्ष काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहायचे. नाशिकमध्ये घरून किंवा छोट्या कार्यालयातून हे काम करणाऱ्यांपैकी अनेकांकडे यातले काहीच नसते. यंत्र अंबडच्या एखाद्या कारखान्यात किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या मळ्यात बसवलेले असते आणि हातात असतो तो फक्त ड्रायव्हरचा कोड, चिपची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, आणि व्हॉट्सॲपवर आलेली लॉग फाइल, म्हणजे यंत्राने स्वतः केलेल्या नोंदी. एवढ्यावर दुरुस्ती करणे म्हणजे अंधारात तीर मारणे, असा समज आहे. मला तो पटत नाही. उपकरणाशिवाय सिद्ध करता येण्याजोग्या गोष्टी आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ असतात. मात्र काय सिद्ध झाले आहे आणि काय अजून अंदाज आहे, याची सीमारेषा शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही, ही त्यातली अट आहे.

निफाड तालुक्यातली एक द्राक्षबाग उदाहरणासाठी घेऊ. बाग कल्पित आहे. तिथली जोडणी मात्र जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाही. बागेत एका पेटीत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आहे आणि दोन तारांच्या एकाच जोडीवर तीन सेन्सर आहेत: १ क्रमांकाचा पानांचा ओलावा मोजतो, २ क्रमांकाचा जमिनीतला ओलावा आणि ३ क्रमांकाचा हवेचे तापमान व आर्द्रता. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, अवकाळी पाऊस झाला की पाने किती तास ओली राहिली यावर डाऊनी या रोगासाठी फवारणी करायची की नाही हे ठरते, त्यामुळे पहिल्या सेन्सरचे आकडे गाळून चालत नाहीत. तक्रार अशी आहे की पहिल्या दोन सेन्सरांचे आकडे वारंवार येतच नाहीत, तिसऱ्याचे त्या मानाने बरे येतात, आणि कोणी पेटीला लॅपटॉप जोडून जुनी माहिती उतरवायला बसले की तेवढ्या वेळापुरते तिन्ही सेन्सर सुरळीत चालतात. तार बदलून झाली, कनेक्टर बदलून झाले, फरक पडला नाही.

ही तक्रार ऐकून कोणीही विटेल, कारण पाहायला गेले की दोष नाहीसा होतो. परंतु नीट वाचले तर यात तीन वेगवेगळे पुरावे आहेत आणि तिघांचाही रोख एकाच दिशेला आहे. ते कसे हे कळण्यासाठी तारेवर काय घडते ते थोडे तपशिलात पाहावे लागेल.

या जोडणीला आरएस-४८५ म्हणतात. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. बोर्डाला बोलायचे असते तेव्हा तो एका पिनद्वारे आपला प्रेषक चालू करतो आणि बोलणे संपताच बंद करतो, म्हणजे सेन्सरला उत्तर देण्यासाठी तार मोकळी होते. बोलण्याची रीत मॉडबस नावाच्या नियमावलीची आहे. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि कारखान्यातल्या वीजमीटरपासून बागेतल्या सेन्सरपर्यंत ती आजही चालते. सेन्सर आपले आकडे क्रमांक दिलेल्या कप्प्यांत ठेवतो, त्यांना रजिस्टर म्हणतात. ‘पहिल्या सेन्सरा, तुझे पहिले रजिस्टर सांग’ ही विनंती ८ बाइटची असते: १, ३, ०, ०, ०, १, १३२, १०. यातले शेवटचे दोन बाइट म्हणजे सीआरसी, आधीच्या सहा बाइटांवरून काढलेली पडताळणीची संख्या. सेन्सरला ही संख्या जुळलेली दिसली नाही, तर नियमाप्रमाणे तो काहीही उत्तर देत नाही. ‘समजले नाही’ असेही म्हणत नाही. म्हणून विनंतीतला एखादा बिट जरी बिघडला, तरी बोर्डाच्या लॉगमध्ये फक्त मुदत संपल्याची नोंद उरते आणि सगळ्यांचा संशय तारेवर जातो.

आता कोड. सीरियल पोर्टची चिप, समजा १६५५० या जुन्या आणि सर्वत्र अनुकरण झालेल्या कुळातली, पाठवायचे बाइट आधी १६ बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवते. तिथून एकेक बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरतो आणि शिफ्ट रजिस्टर तो बिटाबिटाने तारेवर ढकलते. चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे तिची स्थिती सांगणाऱ्या कप्प्यात, याविषयीचे दोन वेगळे बिट आहेत. बिटांची मोजणी शून्यापासून केली तर ५ क्रमांकाचा बिट बफर रिकामा झाल्याचे सांगतो आणि ६ क्रमांकाचा बिट बफर व शिफ्ट रजिस्टर दोन्ही रिकामे झाल्याचे सांगतो. तिकीट खिडकीवरची रांग संपली म्हणजे शेवटचा प्रवासी गाडीत चढला असे होत नाही. तेवढाच फरक या दोन बिटांत आहे. आपल्या उदाहरणातला ड्रायव्हर ५ क्रमांकाचा बिट लागल्याचा इंटरप्ट, म्हणजे चिपची हाक, आला की एक काम कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, कामांच्या रांगेत टाकतो आणि ते काम चालले की प्रेषक बंद करतो. ६ क्रमांकाच्या बिटाकडे तो पाहतच नाही.

इथे पहिली गोष्ट कागदावरच सिद्ध होते. डेटाशीट सांगते की ५ क्रमांकाचा बिट लागतो तेव्हा शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये असू शकतो. लिनक्सच्या सीरियल ड्रायव्हरांविषयीचा दस्तऐवजही ‘पाठवून झाले का’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या फंक्शनने बफर आणि शिफ्ट रजिस्टर दोन्ही तपासावेत, असे स्पष्ट म्हणतो. तेव्हा हा कोड चूक आहे हे म्हणायला कोणतेही उपकरण लागत नाही. पण बागेतली तक्रार याच चुकीमुळे आहे, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. कोडमध्ये चूक सापडण्याच्या आनंदात हा फरक विसरला जातो आणि मग दुरुस्ती एका दोषाची होते, तक्रार दुसऱ्याच दोषाची राहते.

दुवा जोडायला साधे गणित पुरते. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट आहे, त्यामुळे एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद चालतो. एका बाइटसाठी एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असे दहा बिट लागतात, म्हणून शेवटचा बाइट तारेवर सुमारे १०४२ मायक्रोसेकंद राहतो. बोर्ड निवांत असेल तर रांगेतले काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, प्रेषक मध्येच बंद होतो आणि शेवटच्या बाइटचे शेपूट कापले जाते. बोर्ड दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर हेच काम उशिरा सुरू होते आणि त्या उशिरामुळे बाइट पूर्ण बाहेर पडतो. लॅपटॉप जोडून फाइली उतरवताना सगळे सुरळीत का चालते, याचे उत्तर इथे मिळते. तारेत दोष असता तर बोर्डावरच्या कामाच्या भाराने तो सुधारला नसता.

तिसरा सेन्सर बरा का चालतो, हा भाग मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे डेटाच मोजमापाचे साधन होतो. आरएस-४८५ च्या तारेवर कोणीच बोलत नसते तेव्हा, तारेला ठरावीक अवस्थेत ओढून धरणारे बायसचे रेझिस्टर नीट बसवलेले असतील तर, तार १ या अवस्थेत स्थिरावते. म्हणजे प्रेषक मध्येच बंद झाला तर उरलेले सगळे बिट सेन्सरला १ असेच दिसतात. आता ज्या बाइटचे उरलेले बिट मुळातच १ होते, त्याचे कापले जाऊनही काही बिघडत नाही. बाइटचे बिट सर्वांत कमी किमतीच्या बिटापासून पाठवले जातात, त्या क्रमाने तिन्ही विनंत्यांचे शेवटचे बाइट मांडून पाहू. पहिल्या सेन्सरच्या विनंतीचा शेवटचा बाइट १० आहे. तारेवर तो ०, १, ०, १, ०, ०, ०, ० असा जातो. दुसऱ्याचा ५७ आहे. तो १, ०, ०, १, १, १, ०, ० असा जातो. तिसऱ्याचा २३२ आहे. तो ०, ०, ०, १, ०, १, १, १ असा जातो. पहिल्या दोघांत शेवटचा डेटा बिट ० आहे, म्हणून स्टार्ट बिट धरून नऊ बिट, म्हणजे सुमारे ९३८ मायक्रोसेकंद प्रेषक चालू राहिला तरच विनंती शाबूत पोहोचते. तिसऱ्यात शेवटचा ० पाचव्या स्थानी आहे, त्यामुळे सहा बिट, म्हणजे ६२५ मायक्रोसेकंद पुरतात. रांगेतले काम ६२५ ते ९३८ मायक्रोसेकंदांच्या दरम्यान चालले, तर तिसरा सेन्सर उत्तर देईल आणि पहिले दोघे गप्प राहतील. तक्रारीत नेमके हेच म्हटले आहे.

तरीही शंका घ्यायला जागा आहे आणि ती घेतलीच पाहिजे. तिसरा सेन्सर पेटीच्या सर्वांत जवळ असेल, त्याची तार चांगली असेल, तो वेगळ्या कंपनीचा असेल. हे सगळे पर्याय एकाच चाचणीने बाजूला करता येतात आणि त्यासाठी बागेत कोणतेही उपकरण न्यावे लागत नाही. पहिल्याच सेन्सरला एका ऐवजी ६५ रजिस्टर मागायची. ती विनंती १, ३, ०, ०, ०, ६५, १३३, २५० अशी होते. २५० हा बाइट तारेवर ०, १, ०, १, १, १, १, १ असा जातो आणि त्याला चारच बिट, सुमारे ४१७ मायक्रोसेकंद पुरतात. सेन्सरकडे ६५ रजिस्टर नसतील, म्हणून तो नकार कळवेल. पण नकार हेही उत्तरच आहे, आणि सीआरसी जुळल्याशिवाय सेन्सर नकारसुद्धा देत नाही. तोच सेन्सर, तीच तार, तेच अंतर, आणि तरीही खऱ्या विनंतीला मौन व अशक्य विनंतीला तत्पर नकार असे चित्र रात्रभराच्या लॉगमध्ये दिसले, तर दोष पाठवण्याच्या शेपटात आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही. काही स्वस्त सेन्सर नकार कळवतच नाहीत. तिथे एवढीच अडचण येते की ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि दुसऱ्या वैध रजिस्टरांच्या विनंत्यांतून सोयीचा शेवटचा बाइट शोधावा लागतो.

बागेतल्या माणसाकडून हे करून घ्यायचे तर त्याला नेमके काय करायचे ते साध्या शब्दांत लिहून द्यावे. ‘दादा, पेटी उघडू नका, तारांना हात लावू नका. सोबतची फाइल टाकून पेटी रात्रभर तशीच चालू ठेवा आणि सकाळी लॉग पाठवा. रात्री कोणी लॅपटॉप जोडला तर वेळ तेवढी लिहून ठेवा.’ एवढा निरोप पुरेसा असतो. त्याला निदान आधी सांगू नये असे माझे मत आहे. काय दिसायला हवे हे माहीत असलेला माणूस नकळत तेच शोधतो. आपण स्वतः मात्र आपले भाकीत लॉग येण्याआधी लिहून ठेवावे: ६५ रजिस्टरांच्या विनंतीला उत्तरे जास्त येतील, बोर्डावर भार असताना तिन्ही सेन्सरांची उत्तरे वाढतील, आणि आलेल्या उत्तरांमध्ये सीआरसीच्या चुका जवळपास नसतील. तारेत किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले असते तर उत्तरेही बिघडलेली आली असती. यातले एखादे भाकीत खोटे ठरले, तर निदान सोडून द्यायचे. कोडमधली चूक खरी असली तरी.

शोध घेताना ड्रायव्हरमध्ये जागोजागी संदेश छापायच्या ओळी घालण्याची सवय अनेकांना असते. इथे ती घात करते. कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश जिथे छापले जातात ती जागा, सीरियल पोर्टवर असेल आणि वेग १,१५,२०० बॉड असेल, तर एक अक्षर छापायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. साठ अक्षरांची ओळ ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाते. प्रेषक बंद करण्याच्या आधी ही ओळ घातली, की शेवटचा बाइट आरामात बाहेर पडतो आणि दोष ‘बरा’ होतो. म्हणून वेळेशी संबंधित दोषात नोंदी कन्सोलवर न छापता कर्नलच्या एफट्रेस सुविधेने स्मृतीत साठवाव्यात आणि नंतर वाचाव्यात.

याच कारणाने सर्वांत सोपी वाटणारी दुरुस्तीही चुकीची आहे. प्रेषक बंद करण्याआधी २ मिलिसेकंद थांबावे, असे कोणीतरी सुचवतेच. ९६०० बॉडला ते चालेल. १२०० बॉडला एकच बाइट ८ मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेतो, तिथे शेपूट पुन्हा कापले जाईल. उलट फार थांबले तर दुसरी अडचण उभी राहते. मॉडबसमध्ये विनंती संपल्यावर साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळायची असते. ९६०० बॉडला आपल्या मांडणीत ती सुमारे ३.६५ मिलिसेकंद होते, आणि १९,२०० च्या वरच्या वेगांना नियमावली १.७५ मिलिसेकंदांची ठरावीक मुदत सुचवते. त्यानंतर सेन्सर बोलू लागला आणि बोर्डाचा प्रेषक अजून चालूच असला, तर उत्तराची सुरुवात दबून जाते. प्रेषक बंद करण्याची योग्य वेळ शेवटचा बिट जाणे आणि उत्तर सुरू होणे यांच्या मधल्या अरुंद फटीत आहे, आणि ती वेगाप्रमाणे बदलते. ठरावीक आकड्याची प्रतीक्षा एका बागेतली तक्रार मिटवून दुसरीकडे नवी निर्माण करते.

बरोबर दुरुस्ती लहान आहे. रांगेतले काम सुरू झाले की ६ क्रमांकाचा बिट पाहायचा. तो लागलेला नसेल तर चालू वेगावरून एका बाइटचा वेळ काढून तेवढ्या वेळाने अचूक टायमरद्वारे पुन्हा पाहायचे. आणि बिट लागला की प्रेषक बंद करायचा. यात दोन खड्डे आहेत आणि दोन्ही उपकरणाशिवाय, केवळ डेटाशीट वाचून दिसतात. चिप बिघडली किंवा निघून गेली तर हा बिट कधीच लागणार नाही, म्हणून पुन्हा पाहण्याला मर्यादा हवी आणि मर्यादा ओलांडल्यास एक इशारा नोंदवून प्रेषक बंद करायला हवा. नाहीतर पूर्ण तार अडून राहील. दुसरा खड्डा जास्त धूर्त आहे. लाइन स्टेटस रजिस्टर नुसते वाचले तरी त्यातले चुकांचे बिट पुसले जातात. आपण ६ क्रमांकाच्या बिटासाठी ते वाचले आणि बाकीचे बिट फेकून दिले, तर त्याच क्षणी येऊन गेलेली पॅरिटीच्या, म्हणजे बाइटच्या पडताळणीच्या, चुकीची किंवा बाइट सांडल्याची नोंद कायमची हरवते. लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरमध्ये असे वाचलेले बिट वेगळे राखून ठेवण्याची सोय याच कारणाने केलेली आहे. शेजारच्या ड्रायव्हरांनी तीच अडचण कशी सोडवली हे वाचणे, हा उपकरण नसलेल्या माणसाचा सर्वांत भरवशाचा आधार आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला इतिहासही पाहावा. प्रेषक बंद करण्याचे काम रांगेत टाकण्याचा बदल कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने केला हे कळले, तर जुनी अडचण आपण परत आणत नाही याची खात्री करता येते.

आपल्या टेबलावर जे तपासता येते ते सगळे तपासून घ्यावे. कोड सर्व इशारे चालू ठेवून संकलित (कंपाइल) करावा, चुका शोधणाऱ्या स्पार्ससारख्या साधनाने चाळावा, क्वेमू या आभासी यंत्रात आभासी पोर्टवर ड्रायव्हर चढवून-उतरवून पाहावा, आणि त्या वेळी कर्नलची कुलपांची (लॉक) व स्मृतीची तपासणी चालू ठेवावी. विशेषतः पोर्ट बंद होताना आपला टायमर अजून चालू राहिला तर काय होईल, हे इथेच पकडता येते. परंतु आभासी चिपमध्ये तिच्या लेखकाला समजलेले वर्तन असते आणि मायक्रोसेकंदांच्या प्रश्नासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

त्यानंतर दुरुस्तीसोबत जाणारी टीप. तिला मी कोडइतकेच महत्त्व देतो. तक्रार काय होती, डेटाशीट आणि दस्तऐवज काय सांगतात, लॉगमधून काय निष्पन्न झाले, आणि मी स्वतः फक्त संकलन व आभासी चाचणी केली आहे, प्रत्यक्ष चिपवर नाही, असे चारही मुद्दे तिच्यात स्पष्ट असावेत. लिनक्सच्या कामात ‘फक्त संकलित करून पाहिले’ असे लिहिणे कमीपणाचे मानले जात नाही. न लिहिणे मात्र फसवणूक ठरते, कारण देखभाल करणारा त्या वाक्यावरून पुढे कोणाकडून चाचणी करून घ्यायची हे ठरवतो. ‘चाचणी केली’ ही नोंद ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्या नावाने आणि त्याच्या परवानगीनेच जाते.

बागेत नवा ड्रायव्हर पाठवताना जुन्या ड्रायव्हरची फाइल पेटीतच राहू द्यावी आणि परत फिरण्याची एक ओळीची आज्ञा सोबत द्यावी. हवामान खात्याने पावसाचा इशारा दिला असेल त्या दिवसांत हा बदल करूच नये. पेटी अडकली तर शेतकऱ्याला फवारणीचा निर्णय आकड्यांशिवाय घ्यावा लागेल आणि त्याची किंमत आपण मोजणार नसतो. कोरडे दिवस पाहून बदल करावा, दोन-तीन रात्रींचे लॉग मागवावेत आणि त्यात तिन्ही सेन्सरांच्या उत्तरांचे प्रमाण बोर्ड निवांत असतानाही सारखे झाले आहे का ते पाहावे. तसे झाले तरी ही खात्री त्या एका चिपपुरती आणि ९६०० बॉडपुरती असते. हाच ड्रायव्हर वापरणाऱ्या दुसऱ्या चिपांमध्ये ६ क्रमांकाचा बिट वेगळा वागतो का, हे त्या प्रत्येक चिपची डेटाशीट उघडून पाहावे लागते, आणि जिची डेटाशीट मिळत नाही तिच्यासाठी जुने वर्तन तसेच ठेवून टीपेत तसे नमूद करावे लागते.